'द हिट' (१९८४) कसा पाहावा : नव्या प्रेक्षकासाठी मार्गदर्शन

गुन्हेगारी टोळ्यांवरच्या चित्रपटांत मरणाला तोटा नसतो, पण मरणाचा विचार करणारे चित्रपट त्यांत फार थोडे असतात. स्टीफन फ्रिअर्स यांनी दिग्दर्शित केलेला 'द हिट' हा १९८४ सालचा ब्रिटिश चित्रपट त्या थोड्यांपैकी एक आहे. प्रदर्शित झाला तेव्हा तो फारसा चालला नाही, आणि पुढे फ्रिअर्स यांचे इतर चित्रपट गाजल्यावरही याचे नाव मागेच राहिले. टोळीयुद्धाचा चित्रपट म्हणून तो लावणाऱ्याला पहिल्या अर्ध्या तासात 'हे कधी सुरू होणार' असे वाटू शकते. हा संथपणा कशासाठी आहे आणि पाहताना नजर कुठे ठेवावी, हे आधी ठाऊक असले तर पुष्कळ फरक पडतो. खालच्या पहिल्या तीन पायऱ्या चित्रपट पाहण्यापूर्वी वाचाव्यात. चौथ्या पायरीपासून कथेचा शेवट उघड होतो, म्हणून तिथे वाचन थांबवून आधी चित्रपट पाहावा.

पहिली पायरी : नेमका चित्रपट मिळवणे

याच नावाचे किंवा याच्याशी मिळत्याजुळत्या नावाचे अनेक चित्रपट आहेत, त्यामुळे शोधताना साल १९८४ आणि दिग्दर्शकाचे नाव या दोन्ही गोष्टी तपासून घ्याव्यात. मुख्य भूमिकांत टेरेन्स स्टॅम्प, जॉन हर्ट आणि टिम रॉथ ही नावे दिसली की आपण योग्य ठिकाणी आहोत असे समजावे. अमेरिकेतल्या क्रायटेरियन या संस्थेने २००९ साली त्याची डीव्हीडी काढली. ज्या मंचावर तो आज दिसतो तिथे तो उद्या असेलच असे नाही, म्हणून मिळाला की पाहून घेणे शहाणपणाचे. इंग्रजी चांगले समजणाऱ्यानेही उपशीर्षके लावावीत, कारण स्टॅम्प आणि रॉथ यांच्या तोंडी लंडनच्या कष्टकरी वस्तीतली बोली आहे आणि ती पहिल्या ऐकण्यात निसटते. स्पॅनिश संवादांतला प्रत्येक शब्द कळला नाही तरी फारसे बिघडत नाही. गाडीतल्या इंग्रजांनाही भोवतालचा देश तितकाच परका आहे.

चित्रपट ९८ मिनिटांचा आहे. तो एका बैठकीत, मध्यंतर न घेता पाहावा. त्याची सगळी ताकद गाडीत साचत जाणाऱ्या ताणात आहे, आणि मध्येच चहाला उठलात तर तो ताण पुन्हा पहिल्यापासून बांधावा लागतो.

दुसरी पायरी : दोन संदर्भ समजून घेणे

कथेचा आरंभ लंडनच्या न्यायालयात होतो. विली पार्कर (टेरेन्स स्टॅम्प) नावाचा दरोडेखोर माफीचा साक्षीदार होऊन स्वतःच्याच साथीदारांविरुद्ध साक्ष देतो, आणि तीही मिश्कीलपणे, जणू एखाद्या समारंभाला आल्यासारखी. तो बाहेर निघतो तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातली माणसे उभी राहून एकसुरात गाऊ लागतात : 'आपण पुन्हा भेटू'. हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गायिका व्हेरा लिन यांनी लोकप्रिय केलेले निरोपाचे गाणे आहे. युद्धावर निघालेल्या सैनिकांसाठी ते आशेचे होते. इथे ती उघड धमकी आहे.

हा प्रसंग लेखक पीटर प्रिन्स यांच्या कल्पनेतून आकाशातून पडलेला नाही. १९७० च्या दशकात लंडनच्या पोलिसांनी बँका लुटणाऱ्या टोळ्या फोडण्यासाठी माफीच्या साक्षीदारांचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. त्यांतला सर्वांत गाजलेला साक्षीदार बर्टी स्मॉल्स. त्याच्या साक्षीमुळे १९७४ साली अनेक दरोडेखोरांना लांबलचक शिक्षा झाल्या, आणि तो न्यायालयात बोलत असताना त्याच्या जुन्या सोबत्यांनी हेच गाणे म्हटले होते. हे ठाऊक असले की आरंभीचा प्रसंग नुसता नाट्यमय न वाटता अंगावर येतो.

दुसरा संदर्भ स्पेनचा. ब्रिटन आणि स्पेन यांच्यातला गुन्हेगार हस्तांतरणाचा करार १९७८ साली संपुष्टात आला आणि नवा करार होईपर्यंत १९८५ साल उजाडले. मधल्या वर्षांत कायद्याला हव्या असलेल्या अनेक ब्रिटिश गुन्हेगारांनी स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर बिऱ्हाड थाटले. चित्रपट याच काळात घडतो. विलीला पळण्याचे कारण नाही, तो तर सरकारी साक्षीदार आहे. पण दहा वर्षे तोही स्पेनमधल्या एका खेड्यात पुस्तकांनी भरलेल्या घरात राहतो आहे. ऊन, निवांतपणा आणि भाषेचे अंतर, एवढाच त्याचा आडोसा.

तिसरी पायरी : मनातली चौकट बदलणे

मुंबईच्या टोळीयुद्धांवरचे चित्रपट पाहून तयार झालेल्या नजरेला सुपारी म्हटले की नेम धरणे, गोळी आणि पळापळ अपेक्षित असते. इथे सुपारी घेतलेली आहे, मारेकरीही आलेले आहेत, पण ज्याला मारायचे त्या विलीला आधी पॅरिसला न्यायचे आहे. शिक्षा भोगून सुटलेला टोळीप्रमुख कॉरिगन याला तो जिवंत हवा आहे. त्यामुळे मारेकरी आणि सावज यांना एकाच गाडीत बसून स्पेन ओलांडत फ्रान्सच्या सरहद्दीपर्यंतचा प्रवास करावा लागतो. मरणाची वेळ आणि जागा ठरलेली आहे, आणि ती गाडीतल्या सगळ्यांना माहीत आहे. चित्रपटाचा तात्त्विक प्रश्न या साध्या मांडणीतून उभा राहतो, म्हणून ही मांडणी मनात पक्की ठेवावी.

माणसे मोजकीच आहेत. ब्रॅडॉक (जॉन हर्ट) हा मुरलेला मारेकरी, कमी बोलणारा, काळ्या चष्म्यामागे डोळे लपवणारा. मायरन (टिम रॉथ) हा त्याचा शिकाऊ साथीदार, पिवळट रंगवलेल्या केसांचा, हातात सतत काहीतरी हवे असणारा. रॉथ यांचे हे चित्रपटगृहासाठीच्या चित्रपटातले पहिलेच काम. त्यापूर्वी त्यांनी दूरचित्रवाणीवर नाव मिळवले होते. वाटेत माद्रिदमध्ये हॅरी (बिल हंटर) नावाचा ऑस्ट्रेलियन आणि त्याची तरुण सोबतीण मॅगी (लॉरा देल सोल) भेटतात. मागावर असलेल्या स्पॅनिश पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत फर्नांदो रे आहेत.

एक सूचना आवर्जून. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन श्रीकृष्णाला विचारतो की स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा आणि चालतो कसा. पहिल्यांदा चित्रपट पाहताना विलीच्या बाबतीत हेच तीन प्रश्न मनाशी धरावेत आणि बाकी सारे विसरावे. तो गाडीच्या मागच्या आसनावर कसा बसतो, खिडकीबाहेर कसा पाहतो, ज्यांच्या हाती आपला जीव आहे त्यांच्याशी कोणत्या सुरात बोलतो. निष्कर्ष लगेच काढू नये. आता चित्रपट पाहावा.

चौथी पायरी : विलीच्या शांतपणाची पारख

चित्रपट संपल्यावर सर्वांत आधी विलीकडे वळावे, कारण शंका तिथेच येते. सुरुवातीला पाहणारा बुचकळ्यात पडतो की हा माणूस घाबरत का नाही. तो हसतो, निसर्गाचे कौतुक करतो आणि पकडून नेणाऱ्यांची आपुलकीने चौकशी करतो. दहा वर्षे आपण याच दिवसाची तयारी केली, असे त्याचे म्हणणे. मरण म्हणजे एक क्षण, आपण इथे असतो आणि मग नसतो, श्वासाइतकी ती स्वाभाविक गोष्ट आहे, हे तो ब्रॅडॉकला समजावून सांगतो. मृत्यूला 'गर्व करू नकोस' असे बजावणारे जॉन डन या कवीचे सुनीतही त्याला पाठ आहे.

धबधब्याचा प्रसंग पुन्हा एकदा पाहण्यासारखा आहे. मायरनवर पहारा सोपवून ब्रॅडॉक दूर गेलेला असतो, मायरनला झोप लागते, आणि ब्रॅडॉक परत येऊन पाहतो तर विली जागेवर नाही. शोधत शोधत तो धबधब्यापाशी येतो, तर विली पाण्याकडे पाहत उभा. पळून जाण्याची संधी होती, ती त्याने घेतली नाही. इथे जॉन हर्ट यांचा चेहरा पाहावा : पिस्तूल हातात असलेला माणूस गोंधळलेला आहे, आणि ज्याच्यावर ते रोखायचे तो निवांत आहे. सत्ता कुणाकडे आहे हे त्या क्षणी सांगता येत नाही.

पण विली खरोखरच निर्विकार आहे का? माद्रिदमधल्या सदनिकेचा प्रसंग आणि नंतरचा प्रवास या नजरेने पुन्हा पाहिला तर दिसते की तो स्वस्थ बसलेला नाही. हॅरीला परिस्थितीचा अंदाज येऊ देण्यात त्याचा हात आहे. मायरनच्या कानाशी लागून ब्रॅडॉकविषयी, मॅगीच्या भवितव्याविषयी तो शंका पेरत राहतो. हे सारे तो हसतमुखाने करतो, त्यामुळे ते कारस्थान आहे की सहजपणा, हे ठरत नाही. ज्याला मरणाचे काहीच वाटत नाही त्याने फूट कशाला पाडावी? माझ्या मते चित्रपटाने हा प्रश्न मुद्दाम उघडा ठेवला आहे, आणि स्टॅम्प यांनी तो एका स्मितात सांभाळला आहे. ते स्मित प्रत्येक प्रसंगात थोडे वेगळे असते. न्यायालयातले उर्मट, गाडीतले प्रेमळ, हॅरीसमोरचे जरा क्रूर.

मग येतो सरहद्दीजवळचा प्रसंग. पॅरिसपर्यंत जाणे आता शक्य नाही हे ओळखून ब्रॅडॉक तिथेच काम उरकायचे ठरवतो. आणि विली कोसळतो. इथे नाही, आज नाही, पॅरिसला, उद्या, असे तो विनवू लागतो. तो धावतो, आणि पाठीत गोळी लागून मरतो. अर्जुनाच्या तीन प्रश्नांची उत्तरे नव्वदेक मिनिटे बरोबर देणारा माणूस शेवटी धावत सुटतो. त्याने मरण स्वीकारले होते हे खोटे नाही. पण त्याने स्वीकारले होते ते वेळापत्रकातले मरण. उद्या येणाऱ्या मरणाशी त्याची ओळख झाली होती, आत्ता आलेले अनोळखी निघाले. काही प्रेक्षक यावरून विलीला ढोंगी ठरवतात. मला ते घाईचे वाटते. दहा वर्षांची साधना एका दिवसाने कमी पडली असे म्हणणे आणि साधनाच नव्हती असे म्हणणे, यांत अंतर आहे.

या भूमिकेबाबत मराठी वाचकाला एक गोष्ट ठाऊक असावी. टेरेन्स स्टॅम्प हे लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, गरीब घरात जन्मलेले नट. १९६० च्या दशकात ते मोठे तारे होते, मग कामे आटली आणि ते भारतात आले. १९७० च्या दशकाच्या मध्यावर ते पुण्याला रजनीशांच्या आश्रमात राहत होते, आणि 'सुपरमॅन'मधल्या भूमिकेसाठी बोलावणे करणारी तार त्यांना पुण्यातच मिळाली. १९८४ मध्ये जेव्हा ते श्वासाविषयी आणि क्षणाविषयी बोलतात तेव्हा ते शब्द पाठ केलेले वाटत नाहीत, याचे कारण काही अंशी कोरेगाव पार्कात असावे असा माझा तर्क आहे. लंडनच्या गल्लीतली बोली आणि आश्रमातला निवांतपणा हे दोन्ही एका नटाच्या अंगात मुरलेले असणे हा दुर्मीळ योग होता. स्टॅम्प यांचे ऑगस्ट २०२५ मध्ये निधन झाले.

पाचवी पायरी : दुसऱ्यांदा पाहताना ब्रॅडॉक

दुसऱ्यांदा पाहताना नजर पूर्णपणे जॉन हर्ट यांच्यावर ठेवावी. शक्य असल्यास माद्रिदच्या सदनिकेतला प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहावा. सदनिका रिकामी मिळणार अशी ब्रॅडॉकची समजूत असते आणि तिथे हॅरी निघतो. हॅरी भीतीपोटी बडबडतो, पेय पुढे करतो, ओळख काढतो, आणि जितका जास्त बोलतो तितका स्वतःला खड्ड्यात लोटतो. आवाज नसताना दिसतो तो फक्त ब्रॅडॉक : कुठे उभा राहतो, कधी नजर वळवतो, किती वेळ काहीच करत नाही. तो निघून जातो. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. मग तो एकटा वर परततो. हिंसा दाखवण्यापेक्षा निर्णय दाखवणे किती अवघड असते, हे या दहा-बारा मिनिटांतून नवख्या प्रेक्षकाला जितके कळेल तितके अभिनयावरच्या व्याख्यानातून कळणार नाही.

मॅगीला तो ओलीस म्हणून बरोबर घेतो, आणि तिथून त्याच्या व्यवसायाला तडा जातो. तिला मारणे हेच त्याच्या धंद्याच्या हिशेबाने योग्य असते, आणि तो वारंवार त्याच्या टोकापर्यंत येऊन मागे फिरतो. ती त्याच्या हाताला कडकडून चावते, तेव्हा तो जखमेकडे आणि तिच्याकडे पाहतो त्या नजरेत राग कमी आणि कुतूहल जास्त आहे. विलीने शब्दांत सांगितलेले तत्त्वज्ञान त्याला कळले नाही. जगण्यासाठी दातांनी झगडणारी ही मुलगी मात्र त्याला कळते. विली आणि मायरन यांना तो मारतो, तिला सोडतो. कारण चित्रपट सांगत नाही, आणि सांगितले असते तर बिघडले असते.

शेवटी पायी सरहद्द ओलांडू पाहणारा ब्रॅडॉक पोलिसांच्या गोळ्यांनी पडतो. मॅगी समोर असते. मरता मरता तो तिच्याकडे पाहून डोळा मिचकावतो. मरणावर प्रवचन देणारा धावत सुटला आणि मरण पुरवणारा गालात हसत गेला, एवढेच पाहून 'शांतपणा खरा कुणाचा' असा निकाल लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. ब्रॅडॉकला आधीपासून दिवस सांगितलेला नव्हता; त्याला धरून बसायला उद्या नव्हताच.

सहावी पायरी : उरलेल्यांकडे धावती नजर

मायरन हा नुसता विनोदासाठी घातलेला पोरगा नाही. कुणाचे ऐकावे हे न कळलेला तो एकमेव माणूस आहे : ब्रॅडॉककडून धंदा शिकायचा, विलीचे बोलणे तर गोड लागते, आणि मॅगीची दया येते. रॉथ हे सारे संवादांपेक्षा अस्वस्थ हालचालींतून दाखवतात. या कामासाठी त्यांना बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचे नवोदितांच्या गटातले नामांकन मिळाले होते. मॅगी फार थोडे बोलते, म्हणून ती गौण आहे असे समजू नये. चौघांपैकी मरणाविषयी कोणताही सिद्धान्त नसलेली ती एकटीच, आणि जिवंत राहते तीही एकटीच.

फर्नांदो रे यांचा पोलीस अधिकारी प्रत्येक ठिकाणी उशिरा पोहोचतो, प्रेते पाहतो आणि जवळजवळ काहीच बोलत नाही. पोलीस तपासाचा उपकथानकासारखा उपयोग व्हावा अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होईल. मला स्वतःला हे दृश्यांचे तुकडे थोडे लांबलेले वाटतात; चित्रपटातली ढिली जागा दाखवायची झाली तर मी हीच दाखवीन.

कान मात्र उघडे ठेवावेत. संगीत स्पॅनिश गिटारवादक पाको दे लुसिया यांचे आहे आणि शीर्षकाचे संगीत ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांचे. फ्लॅमेंको या स्पॅनिश संगीतशैलीतली गिटार गाडीला पुढे ढकलते आणि मध्येच एकदम थांबते. त्या थांबण्याच्या जागा टिपाव्यात. छायाचित्रण माइक मॉलॉय यांचे. उन्हाने भाजलेली पिवळी पठारे, त्यांत एखाद्या किड्याएवढी गाडी, आणि लगेच आतले घामेजलेले चेहरे, अशी उडी तो कॅमेरा वारंवार घेतो. अंधाऱ्या गल्ल्यांची सवय असलेल्या या प्रकारच्या चित्रपटात लपायला सावलीच ठेवलेली नाही.

सातवी पायरी : चारचौघांत दाखवायचा असेल तर

फिल्म सोसायटीत किंवा घरी मित्रमंडळींसमोर दाखवणार असाल तर आधी भाषण करू नये. माफीचा साक्षीदार आणि स्पेनचा करार, एवढे दोन मिनिटांत सांगून दिवे मालवावेत. मंडळ पाच-सहा जणांचे असल्यास प्रत्येकाला एकेक पात्र वाटून द्यावे आणि 'तुम्ही फक्त याच्याकडे पाहा' असे सांगावे. ज्याला मायरन मिळतो त्याची आधी नाराजी होते आणि नंतर सर्वांत जास्त तोच बोलतो, असे बहुधा होते.

चर्चेला 'तुम्हाला काय वाटले' या प्रश्नाने सुरुवात केली तर ती आवडले-नावडलेपाशी अडते. त्यापेक्षा थेट विचारावे : धबधब्यापाशी विली पळाला का नाही? त्याला पळायचे नव्हते, की पळून जाण्यासारखी जागाच त्याच्या लेखी उरली नव्हती, की न पळण्यातच आपला बचाव आहे असा त्याचा हिशेब होता? तिन्ही उत्तरांना चित्रपटात पुरावे आहेत, आणि प्रत्येक बाजूने बोलणाऱ्याला सरहद्दीवरच्या धावण्याचा मेळ घालावाच लागतो. वाद फार तापला तर आरंभीचे न्यायालयाचे दृश्य पुन्हा लावावे आणि गाणे सुरू होताच विलीच्या ओठांवरचे हसू कुठे मावळते ते थांबवून दाखवावे. त्यानंतर कुणाला फ्रिअर्स यांचाच आणखी एक गुन्हेगारीपट पाहायचा असेल, तर 'द ग्रिफ्टर्स' (१९९०) सुचवावा. तो अमेरिकेत घडतो, त्यात ठकसेन आहेत, आणि मरणाऐवजी तिथे आई आणि मुलगा यांच्यातल्या विश्वासाची परीक्षा आहे.